हिंगणीचं पथक, हिंगणीची पोरं

हिंगणी,
१६ ऑक्टोबर २०२४

नागसेन दादा,
जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून प्रफुल्लच्या आईकडून तुम्हा दोघांच्या चाकणच्या खोलीचा पत्ता घेतला. पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड.

आई बरी आहे. आम्ही दीक्षाभूमीला जाऊन आलो. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. परतीच्या बसमध्ये सेलू आल्यावर आई एकदम म्हणाली, "नागसेन नीट जेवत असन का?"

तू गेल्यापासून समाजमंदिराला कुलूप आहे. सगळे ढोल-ताशे आत. किल्ली रूपरावकाकांच्या कमरेला. नागपूरचे भाड्याचे वादक जानेवारीत येतील, तोवर ढोलाला कुणी हात लावायचा नाही, असं मंडळाचं फर्मान आहे. मंडळ म्हणजे काकाच.

भाड्याचे वादक आणायचं ठरलं त्या बैठकीत मी तुझ्याच बाजूची होते. वर्षभर तू शिकवलेली पोरं बाजूला सारून जिल्हा स्पर्धेत आपल्या नावानं बाहेरचे लोक वाजवणार, हे मलाही पटलं नव्हतं. पण तू हातातलं ढोलाचं टिपरू फेकून निघालास, आणि आठवड्यात चाकण गाठलंस. मला बोलायला जागाच ठेवली नाहीस. पोरांनाही काही सांगितलं नाहीस. ती दोन-तीन दिवस समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसायची. आता येत नाहीत. आता इकडेतिकडे असतात.

तानबा मामा चहाच्या टपरीवर रोज निकाल देतात. "नागपूरवाले आले म्हणजे आपला नंबर पक्का." समोरचा कुणी म्हणतो, "पण मंग थे हिंगणीचं पथक कसं होईन?" मामा म्हणतात, "कप तं हिंगणीतच येईन ना बाप्पा." यावर टपरीचे सरळ दोन भाग झाले आहेत. एका भागातले दुसऱ्या भागातल्यांना चहा पाजत नाहीत.

अक्षर वाकडं आलंय. कापूस वेचताना बोटांना लागलं आहे. काळजी करण्यासारखं नाही.

तुझी,
मेघा


हिंगणी,
२० नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असणार.

मागच्या पत्रात पोरं इकडेतिकडे असतात असं लिहिलं होतं. ती माझ्याकडे असतात.

झालं असं की, दसऱ्याच्या आधी पियुष घरी आला. ताशा वाजवताना अंगात वारं भरलेला हा पोरगा, पण दारात नुसता उभा. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "ताई, दादा कवा येतो?"

"मले काय माहीत. काऊन?"

"मंग आमाले कोण शिकवन?"

मी म्हटलं मला वाजवता येत नाही. तो म्हणाला, "पण तुमाले चुकलेलं समजते. मागच्या साली तुमी मंडपातून वरडल्या होत्या, की मधली रांग घाई करून राह्यली. दादाले नव्हतं समजलं. तुमाले समजलं."

हे खरं आहे, दादा. मी पहिलीत असल्यापासून एकही स्पर्धा चुकवली नाही. बाबांच्या खांद्यावर बसून बघितल्या, मग आईजवळ बसून, मग एकटीनं. लोक ढोल किती आहेत ते मोजतात. कोणाचे फेटे चांगले, कोणाचा ध्वज उंच, यावर भांडतात. मी शेवटच्या रांगेकडे बघते. शेवटच्या रांगेतल्याची नजर पुढच्यावर असेल तर ते पथक टिकतं. मला वाटायचं, हे माझं आपलं बघणाऱ्याचं वेड. पियुषनं सांगितलं तेव्हा कळलं की हे कामाचं पण असतं.

ढोल नव्हते. म्हणून मुन्नाच्या गॅरेजमागचे जुने टायर आणले आणि तेलाचे डबे. रोज संध्याकाळी, वेचणी आटोपून आलेली पोरं हातपाय धुऊन जमतात. टायरवर आवाज मेल्यासारखा येतो, म्हणून मी त्यांना आधी तोंडानं बोल म्हणायला लावते. सगळ्यांचं तोंड एका वेळी उघडलं आणि एका वेळी मिटलं, तरच हात लावायचा. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ होता. मग एका संध्याकाळी सगळं एकदम जुळलं आणि पोरं इतकी दचकली की थांबूनच गेली.

तुझ्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट सांगते. चार पोरी आल्या आहेत. दीपमाला पहिली आली. अकरावीत आहे, खालच्या मोहल्ल्यातली. ती काही विचारायला आलीच नाही. टायर ओढून घेतला आणि उभी राहिली.

सगळ्या गावाला आमचा त्रास होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. आम्ही धरणाच्या बाजूला, हरभऱ्याच्या वावराच्या कडेला, धुऱ्यावर सराव करायचो. डब्यांच्या आवाजानं रानडुकरं त्या बाजूला फिरकेनाशी झाली. आता शेतकरी माझ्याकडे येतात. "मेघा, उद्या आमच्या वावरात या नं." परवा तर दोघांचं यावरून भांडण झालं. आम्ही पाळी लावून दिली आहे.

मेघा


हिंगणी,
२९ डिसेंबर २०२४

दादा,

प्रफुल्लनं त्याच्या आईला फोनवर सांगितलं की तू पत्र वाचतोस आणि उशीखाली ठेवतोस. एवढं पुरे आहे मला. मी लिहीत राहीन.

देवळीहून एक पाहुणे मला बघायला आले होते. मुलगा बँकेत आहे, शांत वाटला. त्याच्या आईनं माझे हात हातात घेतले आणि पालथे-उलथे करून बघितले. तळव्याला फोड, अंगठ्याच्या बाजूला सोललेलं. "हे काय जी?" म्हणाल्या. आई कापसाचं सांगणार होती. मी आधीच बोलून गेले, "ढोल शिकून राह्यली मी." त्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, आणि नंतर फोन केला नाही. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनंच हळद आणि खोबरेल तेल गरम करून माझ्या हाताला लावलं.

तर पहिल्या पत्रात कापूस लिहिला होता, तो कापूस नव्हता. मी वाजवते. शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला. स्पर्धेत पंचवीस वर्षांपर्यंत चालतं, मी अजून बसते त्यात.

तानबा मामा एकदा सराव बघायला आले. धुऱ्यावर बसून बराच वेळ बघितलं. मग जाता जाता म्हणाले, "बाकी सारं बरं हाये. पण पोरीईनं ढोल बांधू नये. वजन लय राह्यते, कंबर मोडन."

दीपमालानं वळूनही बघितलं नाही. टायरवरचा हात थांबवून म्हणाली, "मामा, दोन-दोन गुंड पाणी डोक्यावर घेऊन चढ चढतो, तवा कोणाले माही कंबर दिसत नाई."

मामा गेले. दुसऱ्या दिवशी टपरीवर तीच गोष्ट त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितली, आणि असं सांगितली जणू दीपमालाला त्यांनीच शिकवलं आहे.

गावात आता यावर बोलणं सुरू झालं आहे. काही आयाबाया म्हणतात, पोरांच्या परीक्षा बुडतील. एक-दोघांनी पोरं काढून नेलीही. मी घरोघरी गेले. वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की संध्याकाळी पोरगा कुठे असतो ते निदान तुम्हाला माहीत असतं. एक पोरगा परत आला. दुसरा नाही आला. ठीक आहे.

स्पर्धेला आम्ही जाणार नाही आहोत, कारण नाव मंडळाचं आहे आणि ढोलही. पोरांना हे माहीत आहे. तरी येतात. मी त्यांना एकदा विचारलं, "मंग कायले येता रे?" पियुष म्हणाला, "मंग कुठी जाऊ?"

मेघा


हिंगणी,
२४ जानेवारी २०२५

दादा,

आज सांगण्यासारखं खूप आहे. वाईट काही नाही.

मंगळवारी सकाळी रूपरावकाका आपल्या घरी आले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आईनं चहा दिला.

"नागपूरच्या पार्टीनं धोका देला," म्हणाले. "शहरातल्या एका पथकानं त्याईले उचललं. आपल्याकडे येत नाई म्हणते." मग माझ्याकडे न बघता, "तुह्ये पोट्टे कितपत तयार हाये?"

मी म्हटलं, "माहे नाई काका. गावचे हाये."

"टोमणे मारू नको मेघा. नाव नोंदवून बसलो मी. आता मांगं सरलो तं तोंड दाखवाले जागा नाई." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तीन साल झाले, आपण शेवटून पयले येतो. वर्ध्यात लोक हासतेत. नागसेन म्हणे, पोट्टे शिकतीन. अरे पण कवा शिकतीन? मी मेल्यावर?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तुला आठवत असेल, बाबा सांगायचे की रूपराव तरुणपणी ताशा घ्यायचा तेव्हा बैलही कान टवकारायचे. ज्या माणसानं असं वाजवलं आहे त्याला शेवटच्या नंबरावर टाळ्या वाजवत बसायला काय वाटत असेल.

मी म्हटलं, "काका, तुमी पयल्या साली जितले होते का?"

काकांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली.

मग मी माझ्या अटी सांगितल्या. बाहेरचा एकही नाही. सराव केलेला प्रत्येक जण वाजवेल, कुणाला ऐनवेळी काढायचं नाही. आणि पोरी ढोलावर राहतील.

"पोरीईले ध्वज दे," काका म्हणाले. "पोरीच्या हातात ध्वज चांगला दिसते."

"दीपमाला ढोल वाजवते काका. ध्वज तुमी धरा."

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, टोपी घातली आणि गेले. आई माझ्यावर अशी चिडली की काय सांगू. "थोडी वाकली असती तं काय झालं असतं? पोट्ट्याईले ढोल तं भेटले असते."

संध्याकाळी पोरांना काय सांगू ते सुचेना, म्हणून काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला धावत आली. समाजमंदिर उघडं होतं. काका एकटे जमिनीवर बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. शेजारी सगळे ढोल झाडून-पुसून ओळीनं मांडलेले. आम्ही दारात उभे. त्यांनी मान वर केली नाही.

"ध्वजाले वयाची अट नाई ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाई काका."

"मंग पाहून काय राह्यल्या. उचला ढोल."

दादा, इतके महिने टायरवर हात मारलेल्या पोरांनी पुन्हा, आणि पोरींनी पहिल्यांदाच, खरा ढोल वाजवला, तेव्हा त्यांचे चेहरे तू बघायला हवे होतेस. पियुष रडला. मग म्हणाला, डोळ्यात धूळ गेली.

स्पर्धा २ तारखेला आहे. वर्ध्यात.

मेघा


हिंगणी,
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

जिंकलो.

आता सविस्तर लिहिते.

काल दुपारी मैदान भरलं होतं. आई आली होती, टपरीचे दोन्ही भाग आले होते, ज्यांच्या वावरात आम्ही वाजवलं ते सगळे आले होते. ट्रॅक्टरनं. तानबा मामांनी पुढची जागा धरली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला प्रत्येक पथकाची कुंडली सांगायला सुरुवात केली.

आम्ही मैदानात शिरलो. सगळ्यात पुढे रूपरावकाका, पांढरा सदरा, हातात निळा ध्वज. मागे आमची पोरं, त्यातली अर्धी ढोलापेक्षा जेमतेम मोठी. कुणीतरी स्पर्धा फेसबुकवर लाइव्ह दाखवत होतं. आमच्या सागरचा भाऊ खालची मतं वाचत होता, त्यानं नंतर दाखवली. एकानं लिहिलं होतं, "हिंगणीनं आजोबा अन् बालवाडी दोन्ही आणली." दुसरा म्हणाला, "पोरी आहेत, म्हणजे नाचाचा नंबर असेल."

आमच्या आधी ते शहरातलं पथक झालं, आपले नागपूरवाले ज्यांच्याकडे गेले ते. खोटं कशाला लिहू, त्यांनी सुंदर वाजवलं. हात इतका साफ की एक थाप इकडची तिकडे नाही. लोक उभे राहिले. पण दादा, मी त्यांची शेवटची रांग बघत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण आपल्यापुरता वाजवत होता आणि संपल्यावर आपल्यापुरता निघून गेला.

मग आम्ही. सुरुवात बरी झाली. पियुषनं ताशावर अशी काही फेक घेतली की मला तुझीच आठवण आली. दुसऱ्या चालीवर गेलो, लय चढत होती, आणि तेवढ्यात ताशाचं वरचं ताणलेलं पान फाटलं.

आवाज मेला. ताशा गेला की ढोलांनी कुणाच्या मागे जायचं? पियुष हातातल्या काड्यांकडे बघत उभा राहिला. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. मला मागून सगळं दिसत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. संपलं, असं मला वाटलं.

तेव्हा दीपमालानं तोंडानं बोल धरले. ताशाचे. एकटीनं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे. वावरात जसे म्हणायचो तसेच. तिच्या शेजारच्यानं उचलले. मग पूर्ण रांगेनं. मग आम्ही सगळ्यांनी. तोंडानं ताशा आणि हातानं ढोल. मग कुणीतरी टाळी धरली, आणि ती टाळी आमच्याच लयीत होती.

रूपरावकाका एका हातानं ध्वज धरून बाजूला सरकले, कडेला ठेवलेला दुसरा ताशा उचलला आणि पियुषच्या गळ्यात घातला. त्यांनी काहीतरी म्हटलं. मी नंतर पियुषला विचारलं. ते म्हणाले होते, "घाई करू नको. त्याईले येऊ दे, मंग तू जाय." पियुष थांबला. एक आवर्तन जाऊ दिलं. आणि नेमका समेवर आला. त्या क्षणी मैदानात जो आवाज झाला तो मला लिहिता येत नाही. आमचा ढोल आम्हाला ऐकू येईना.

निकाल सांगताना एक परीक्षक म्हणाले, "आज आम्ही बरीच चांगली पथकं ऐकली. एका पथकाचा ताशा थांबला, पण पथक थांबलं नाही." पुढचं मी ऐकलं नाही, कारण आई खुर्चीवर चढून उभी होती आणि ती पडेल अशी मला भीती वाटत होती.

कप घ्यायला काकांना बोलावलं. ते मंचाच्या पायरीपर्यंत गेले, थांबले, मागे वळून दीपमालाला हाक मारली. ती जागची हलेना. तेव्हा काका खाली आले, तिचा ढोल सोडून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि तिला म्हणाले, "जाय बेटा. मी सांभाळतो हे." एवढा मोठा माणूस गळ्यात ढोल, हातात ध्वज घेऊन खाली उभा होता, आणि ती वर होती.

त्या शहरातल्या पथकातला एक वादक नंतर पियुषजवळ आला. त्याला स्वतःच्या ताशाच्या काड्या दिल्या. म्हणाला, "आमच्यात फाटला असता तं आमी थांबलो असतो रे."

तानबा मामा परतताना ट्रॅक्टरवर सगळ्यांना सांगत होते की पोरीनं तोंडानं ताशा धरायचा, ही युक्ती मूळची हिंगणीची. ते खोटं नाही.

मेघा


हिंगणी,
१९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू आईला फोन केलास. ती दुपारभर फोन पदरात घेऊन बसली होती, तो वाजत नसतानासुद्धा. तू कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत लाइव्ह बघितलंस, ताशा फाटला तेव्हा ताट सोडून उभा राहिलास, हे तिनं आतापर्यंत सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं आहे.

आणि काल तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की राजीनामा देऊन येतो आणि जिल्हा जिंकल्यामुळे मिळालेल्या नागपूरच्या विभागीय स्पर्धेसाठी पथक मी घेतो.

"घेतो" हा शब्द मी दोनदा वाचला. मग पत्राची घडी घातली आणि सरावाला गेले. मी एकटीनं उत्तर द्यावं असं मला वाटलं नाही, म्हणून पोरांना विचारलं. रूपरावकाकाही होते. ते म्हणाले, "माह्याकडून येऊ द्या त्याले. माह्यं त्याचं मी पाहून घेईन." म्हणजे ते तुझ्याशी बोलणार आहेत. ऐकून घेशील.

पियुष म्हणाला, "दादा आला तं ताशा अजून चांगला होईन." आणखी कुणी म्हणालं, दादाच खरा कप्तान. मग दीपमाला बोलली. "येऊ द्या. मी तं त्याईच्याकडे कवा शिकलीच नाई, मले शिकाचं हाये. पण कप्तान कोण, थे आपण ठरवू. अन् पुन्हा राग आला तं सांगून जा म्हणा."

मग त्यांनी हात वर करून ठरवलं. कप्तान दीपमाला आहे. मी कुणाला काही सुचवलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही हात वरच केला असता.

तुला हे टोचेल, मला माहीत आहे. पण असा विचार कर. ती पोरं तुझीच होती, तू पाया घातलास म्हणून ती टायरवरसुद्धा उभी राहिली. तू नसतास तर पियुष माझ्या दारात आलाच नसता. ते कुणी विसरलेलं नाही. फक्त तू गेलास तेव्हा ती जिथं होती, तिथं ती आता नाहीत. नव्यानं ओळख करून घ्यावी लागेल.

आता रोज संध्याकाळी बारकी पोरंही येतात, समाजमंदिर पुरत नाही. आयाबाया स्वतः आणून सोडतात. शेतकऱ्यांनी मात्र तक्रार केली आहे की आम्ही वावर सोडलं आणि डुकरं परत आली. म्हणून रविवारी सराव तिकडेच ठेवतो.

येत्या रविवारी ये. ताशा पियुषकडे राहील, तू त्याला नंतर सांगशील ते सांग. तुझ्यासाठी ढोल काढून ठेवला आहे, शेवटच्या रांगेत. शेजारच्या ढोलावर मी असेन. तुझी लय चुकली तर मी सांगेन तुला.

तुझी,
मेघा